घरी असणारी बाई

अकोल्याहून पातूरकडे निघालं, लाकडं कापायची शेवटची आरामशीन मागे पडली, की डाव्या हाताला सुमेध नगरची कमान लागते. कमानीवर नगराचं नाव आहे, त्याखाली कमान बांधून देणाऱ्याचं नाव आहे, आणि दुसरं नाव पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी इथं ज्वारी उभी असायची. मग कुणीतरी शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, चौकोन पाडले, त्याला लेआउट म्हटलं, आणि जिल्हा परिषदेचे मास्तर, एसटीचे कंडक्टर, विजेचे लाइनमन, पाटबंधाऱ्याचे कारकून यांनी एकेक चौकोन धरला. ज्याला शहराच्या पोटात जागा परवडत नव्हती आणि गावी परत जायचं नव्हतं, तो इथं आला. आधी एक खोली, मग दुसरी, मग स्लॅब, मग गच्चीवर काळी टाकी.

आता सुमेध नगरात काय नाही ते विचारा. किराणा आहे, गिरणी आहे, औषधाचं दुकान आहे, विहार आहे, शिकवणीच्या पाट्या तर दर तिसऱ्या फाटकावर. नळ पाचव्या दिवशी येतो, पण येतो. चोऱ्या होत नाहीत, भांडणं झाली तर जेवणाच्या आत मिटतात, आणि कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या होतात हे शेजाऱ्याला पाठ असतं. गावाकडून आलेला पाहुणा गच्चीवर उभा राहून चहूकडे पाहतो आणि म्हणतो, "बरं हाय बाप्पा तुमचं." इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटल्यावर ते बरंच असणार. फक्त इथं एकदा घर बांधलं की माणूस हलत नाही. स्थिरस्थावर झाला म्हणतात ना, त्यातला स्थिर तेवढा खरा.

चौतीस नंबरच्या प्लॉटवर ललिता राहायची. तिचा नवरा धर्मपाल पाटबंधारे खात्यात कारकून. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक नागपूरला नर्सिंगच्या वसतिगृहात गेली होती. ललिताच्या उजवीकडची बाई शाळेत शिकवायची, डावीकडची दवाखान्यात नर्स, समोरची पोस्टात. मग घरी कोण? ललिता. गल्लीतल्या पाच घरांच्या किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या. सिलिंडरवाला आला तर तिच्याकडे, पोस्टमन आला तर तिच्याकडे, शाळेतून लवकर सुटलेलं पोरगं तिच्याकडे. नळाच्या दिवशी चार घरांच्या टाक्या तीच भरायची. नळाला दिवस होता, वेळ नव्हती, त्यामुळे त्या दिवशी कुणीतरी पहाटेपासून पाइपाला कान लावून बसावं लागे. "ललिताबाई हायेत ना घरी," एवढं म्हणून गल्ली निर्धास्त कामाला जायची. तिचा बाप वारला तेव्हा ती मातीला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, कारण नळाचा दिवस होता. गल्लीनं फार कौतुक केलं. त्या कौतुकाचा तिला आजही राग येतो.

नळाची वाट पाहता पाहता तिनं मुक्त विद्यापीठाचं बी.ए. केलं. लोकांना वाटलं, बसल्या बसल्या काहीतरी वाचत असते. आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, दिवाळीनंतर तिनं अमरावतीच्या एका संस्थेत अर्ज केला. मुलींचं वसतिगृह होतं, साठ मुलींचं, त्यांना अधीक्षिका हवी होती. राहणं तिथंच, स्वतःची एक खोली. अट एवढीच की वय चाळिशीच्या आत हवं. ललिताला मार्चमध्ये चाळीस लागणार होतं. लेकीला भेटायला जाते असं गल्लीत सांगून ती मुलाखतीला गेली आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं. रुजू व्हायचा दिवस सोमवार, एक जानेवारी. न आल्यास पुढच्या उमेदवाराचा विचार होईल, असं खाली लिहिलेलं.

पत्र वाचून ती गच्चीवर गेली आणि टाकीमागे बसून पोटभर रडली. आनंदानं रडणं तिला माहीत नव्हतं, त्यामुळे आधी तिला स्वतःचीच भीती वाटली.

धर्मपालला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. धर्मपाल हा सज्जन माणूस. त्यानं बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, दारूला शिवला नाही. एकच शब्द त्याच्या तोंडी होता, "पाहू." पोरीच्या शाळेचं पाहू, गच्चीच्या गळतीचं पाहू. या पाहूच्या भिंतीवर ललितानं अठरा वर्षं डोकं आपटलं होतं. पण पत्र पाहून तो हसला, खरंच हसला. "जा ना," म्हणाला. "दर शनिवारी येत जाजो. मी डबा लावतो." तिनं त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तो जा म्हणाला. त्या दिवशी नवरा तिला फार आवडला.

पण शुक्रवारी जयवंताबाईंचा फोन आला.

जयवंताबाई म्हणजे धर्मपालची थोरली बहीण. पातूरजवळच्या गावात राहायची, पाच एकर वावर, नवरा कधीचाच गेलेला, एकच पोरगा, अश्विन. धाकट्या भावाला शिकवायला हिनं लोकांच्या वावरात तण उपटत निंदण केलं होतं, आणि ते ती कधी बोलून दाखवत नसे, हीच मोठी पंचाईत होती. बोलून दाखवलं असतं तर उलट काही म्हणता आलं असतं. फोनवर ती म्हणाली, "धर्मा, रविवारी अश्विनले पाव्हणे येऊन राहिले. घर पाहाले. तुयाच घरी आणतो त्याईले."

आता हे घर पाहणं काय, ते सांगायला हवं. एरवी मुलगी पसंत पडल्यावर मुलीकडची मंडळी मुलाचं घरदार पाहायला येतात, हा आपला रिवाज. पण त्या वर्षांत वऱ्हाडात शेती करणाऱ्या पोराला कुणी मुलगी देईना. पोरगा निर्व्यसनी असो, राबणारा असो, पहिला प्रश्न एकच, शहरात घर आहे का? पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव छापून यायचं, आणि ते कशापायी छापून येतं हे मुलींच्या बापांना चांगलं कळत होतं. मग खेड्यातल्या माणसांना सुमेध नगरातले नातेवाईक आठवले. कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा साडू. मामाचं घर म्हणजे पोराचंच घर, असं म्हणून एका मागून एक पोरं इथल्या सोफ्यांवर बसून पसंत झाली. पलीकडच्या गल्लीतल्या पार्बताबाईंच्या बैठकीत तर दोन हिवाळ्यांत चार नवरदेव दाखवले गेले. सोफा तोच, पडदे तेच, फक्त भिंतीवरचा फोटो बदलायचा.

यात खोटं कुणी बोलत नव्हतं, असं सगळे म्हणायचे. लग्न झाल्यावर जोडपं खरोखरच येऊन राहायचं, समोरच्या खोलीत, पोरगा कुठं कामाला लागेस्तोवर. पार्बताबाईंच्या समोरच्या खोलीत असं एक जोडपं तिसऱ्या वर्षीही राहत होतं आणि पार्बताबाई स्वयंपाकघरात गादी टाकून झोपत होत्या.

ललितानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे फोन ठेवल्याबरोबर ती धर्मपालला म्हणाली, "बाईले सांगून टाका. मी सोमवारी जाऊन राहिली. उद्या सून आली तर तिच्यासंगं कोन राहीन?"

"रविवार जाऊ दे," धर्मपाल म्हणाला. "जमते का नाई तेच माहीत नाई. आधीच काहून सांगायचं? पाहू."

आणि ललिता गप्प बसली. इथंच तिचं चुकलं. पण जयवंताबाईच्या हातांना पडलेले घट्टे तिनं पाहिले होते, आणि दोन दिवसांनी काय बिघडतं, असं तिनं मनाला समजावलं.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं जयवंताबाई आणि अश्विन आले. जयवंताबाईनं पिशवीतून पोराचे तीन शर्ट काढले आणि बैठकीतल्या खुंट्यांवर लटकवले. त्याच्या चपला दाराशी मांडल्या, दाढीचं सामान आरशापुढे ठेवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याचा कुठल्याशा कबड्डी स्पर्धेतला फोटो खिळा ठोकून लावला. अश्विन खुर्चीच्या काठावर बसून हे पाहत होता. अठ्ठावीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, गावात त्याच्या हातची तूर सगळ्यांपेक्षा वरचढ येते म्हणतात.

"मामी," आई मागे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मले नाई जमत हे. मी वावर सोडून अठी काय करू?"

"मंग सांग ना मायले."

"दोन वर्सं झाले सांगून राहिलो. ते म्हनते, आधी लगन कर, मंग बोल." त्यानं शर्टांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ललिताला त्याची कीव आली. आपल्याला कोंडणारा हा नव्हे, हाही कोंडलेलाच, हे तिला कळत होतं, पण कळून काही उपयोग नव्हता.

अकरा वाजता फाटकाशी ऑटो थांबला. मूर्तिजापूरकडच्या गावाहून आलेले श्रावणजी, त्यांची थोरली बहीण, आणि मागून चक्क मुलगी. घर पाहायला मुलगी आणत नाहीत. जयवंताबाईच्या भुवया वर गेल्या. श्रावणजींनी जयभीम घातला आणि सांगून टाकलं, "ज्याले राहायचं त्यानं पाहावं, म्हून पायललेही आनली. राग मानू नका."

"राग काहाचा? बसा ना, बसा," जयवंताबाई म्हणाली. "अश्विन, पंखा लाव रे." डिसेंबरच्या थंडीत पंखा कशाला, पण घरचा मुलगा घरचा पंखा लावतो हे दिसायला हवं होतं. अश्विन उठला. त्यानं पहिलं बटण दाबलं, बाहेरचा दिवा लागला. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. तिसरं दाबलं तेव्हा टीव्हीखालची लाल बत्ती पेटली. "लाइटाचा काई भरोसा नाई," जयवंताबाई म्हणाली. धर्मपालनं उठून चौथं बटण दाबलं आणि सगळे पंख्याखाली कुडकुडत बसले.

श्रावणजी बारीक अंगाचे, हळू बोलणारे. ललिताला वाटलं होतं, आता हे पोराचा पगार विचारतील, घर कुणाच्या नावावर म्हणतील. त्यांनी ते काहीच विचारलं नाही. त्यांनी तिलाच विचारलं, दुपारी झोपता का. बाजार कधी करता, एकट्याच जाता का. माहेरी किती वेळा जाणं होतं. दार दिवसा आतून लावता की उघडं असतं. त्यांची बहीण तर उठून स्वयंपाकघरात डोकावून आली, किल्ल्यांच्या खिळ्याकडे पाहून आली, आणि भावाकडे बघून तिनं मान हलवली. बोलघेवडी माणसं दिसतात, असं ललिताच्या मनात आलं. ती चहा टाकायला आत गेली आणि पाठोपाठ पायल मदतीला आली.

विशी-एकविशीची पोरगी, पण हात बापाच्या हातासारखेच राकट. तिनं न विचारता कप विसळायला घेतले. नळ फिरवला, पाणी आलं, तशी क्षणभर ती त्या धारेखाली हात धरून उभी राहिली.

ललितानं बाहेर कान दिला. जयवंताबाई अश्विनच्या कबड्डीबद्दल सांगत होती. यापेक्षा चांगली वेळ मिळायची नव्हती. एक वाक्य बोललं की झालं, पोरगीही फसणार नाही आणि आपणही सुटू. आपण पोरीच्या भल्यासाठी बोलतोय की स्वतःच्या, याचा निवाडा तिनं मागाहून करायचं ठरवलं.

"पायल," ती म्हणाली, "तुले एक सांगतो. हे घर अश्विनचं नाई. आमचं हाय. तो गावीच राह्यते, वावर करते. ते शर्ट आजच लटकवले."

पायलनं कप पालथा ठेवला. दचकली नाही, रागावली नाही. उलट तिला हसू आलं. "माहीत हाय ना, मावशी. त्याईले पंख्याचं बटन बी ठावं नोतं."

"मंग?"

"मंग काय? आमच्या गावच्या तीन पोरी अशाच घरात देल्या. घर कोनाचं हाय ते कोनी पाहत नाई आता. बाबानं गावात तुमच्या जयवंताबाईले पयलेच इचारलं होतं. नंतर कमानीपाशी किराण्यात इचारलं, गिरणीत इचारलं."

"काय इचारलं?"

"तुमच्याबद्दल." पायलनं दुसरा कप घेतला. "आमच्या शेजारची पोरगी होती, संगीच वाढलो आमी. शहरात देली. नवरा-बायको दोघंच. तो कामाले गेला का हे एकटीच, दार लावून. तापानं पडली दोन दिवस, शेजाऱ्यापाजाऱ्याले पत्ताच नाई. तो पाळी करून आला तवा सारं संपलं होतं. तवापासून बाबानं धरलं, पोरगी शहरात दीन, पन जठी दिवसभर मोठी बाई घरी असन तठीच दीन. तुमालेच पाहाले आलो आमी, मावशी."

दूध उतू गेलं. ललितानं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. सकाळपासून ती पडदे झटकत होती, सोफा पुसत होती, आणि पाहायला आलेले लोक तिलाच पाहत होते. दुपारी झोपते का, बाहेर जाते का, दार उघडं ठेवते का. गिरणीत चौकशी झाली होती तिची. अठरा वर्षांपूर्वी लग्नासाठी पाहिलं तेव्हासुद्धा कुणी तिची इतकी चौकशी केली नव्हती.

"मी इथं राहणार नाई," तिच्या तोंडून निघालं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मले अमरावतीले नोकरी लागली. उद्या जाऊन राहिली मी."

पायलचे हात थांबले. पाणी वाहतच राहिलं आणि या वेळी तिला ते दिसलं नाही. "मंग बाबा नाई म्हनतीन," ती म्हणाली.

"दुसरं स्थळ येईन तुले."

"हे सातवं हाय, मावशी." पोरीनं नळ बंद केला. "चौदा वर्सांची होतो तवापासून निंदाले जातो. बारावी केली, तवा म्हनलं पुढं शिकतो, तर बाबा म्हने एकटीले कोनाच्या भरोशावर ठेवू. इथून कालेजाले ऑटो जाते ना? येता येता पाह्यलं मी, पोरी बसल्या होत्या. मले नवऱ्याचं काई नाई, तो चांगलाच दिसते. पन मले परत त्या वावरात नाई जायचं." आणि मग अगदी हळू, "तुमाले नाई म्हनत मी, जाऊ नका म्हून. तुमाले कसं म्हनू?"

असं म्हणाली नसती तर बरं झालं असतं. हट्ट केला असता, रडली असती, तर ललिताला तिच्यावर चिडता आलं असतं. पण ही पोरगी कप पुसत उभी होती आणि तिच्या जागी ललिताला ओट्यावर पुस्तक उघडून पाइपाला कान लावून बसलेली स्वतःच दिसत होती. तिला पोरीचा संताप आला, तिची माया आली, आणि दोन्ही एकदमच आलं.

चहा बाहेर गेला. बशीत बिस्किटं मांडली गेली. श्रावणजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांना मुद्द्याचं बोलायचं होतं हे सगळ्यांना कळलं. जयवंताबाईनं पदर सावरला.

"घर पाह्यलं," श्रावणजी म्हणाले. "पोरगा बी पाह्यला. तो काय करते, कुठी करते, ते मी इचारत नाई, मले समजते. आमी बी वावरातलेच. एकच इचारतो, अन् त्या बाईनंच सांगावं." त्यांनी ललिताकडे पाहिलं. त्या नजरेत मालकी नव्हती, धाक नव्हता. एक घाबरलेला बाप होता. "ललिताबाई, तुमी घरीच राहता ना? पुढं बी?"

ललितानं धर्मपालकडे पाहिलं. खोलीत पत्राची गोष्ट माहीत असलेला मोठा माणूस तोच. जा म्हणालेला तोच, तेही दोनदा. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, की हिला नोकरी लागली आहे. बहीण रागावली असती, चार दिवस बोलली नसती, बस. ललिता वाट पाहत राहिली. धर्मपालनं बहिणीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, बिस्किटाचा तुकडा मोडला.

"ते कुठी जाते?" तो हसून म्हणाला. "अठरा वर्सांत तिनं एक दिवस घराले कुलूप लावू देलं नाई. साऱ्या गल्लीले इचारा."

कौतुकानं म्हणाला तो. त्यात त्याला अभिमान होता, आणि हेच ललिताच्या जिव्हारी लागलं. लबाडी केली असती तर ती उठून उभी राहिली असती. पण तो तिची तारीफ करत होता.

"त्याईचं ऐकलं," श्रावणजी म्हणाले. "बाईनं सांगावं."

म्हणजे अजूनही दार उघडं होतं. नाही म्हणायचं, उद्या सकाळच्या गाडीत बसायचं. एवढंच. ललितानं तोंड उघडलं आणि दारात उभी असलेली पायल तिला दिसली. पोरगी तिच्याकडे पाहत नव्हती. मुद्दामच नव्हती पाहत. हातात रिकामा ट्रे घेऊन जमिनीकडे बघत होती.

"हो," ललिता म्हणाली. "घरीच असतो मी."

"मंग जमलं," श्रावणजी म्हणाले आणि त्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखे ते मागे टेकले. जयवंताबाईनं डोळ्यांना पदर लावला. अश्विननं एकदा मामीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. धर्मपाल पेढे आणायला धावला, इतक्या चपळाईनं तो कधी कुठंच गेला नव्हता. पलीकडच्या गल्लीतून पार्बताबाई आल्या, पेढा तोंडात टाकला आणि ललिताच्या कानाशी लागून म्हणाल्या, "गादी आत्ताच घेऊन ठेव व. उन्हाळ्यात महाग होते." साक्षगंध कधी, लग्न कधी, यावर बोलणं सुरू झालं. वैशाख पौर्णिमेनंतरचा रविवार धरावा असं ठरलं. ललितानं जेवण वाढलं, सगळ्यांना दोनदा आग्रह केला, कुणाला काही कमी पडू दिलं नाही. मनात एकच चाललं होतं, उद्या नऊच्या गाडीत एक जागा रिकामी जाईल आणि ते कुणालाही कळणार नाही.

चार वाजता पाहुणे निघाले. ऑटो फाटकाशी उभा होता. श्रावणजी बसले, त्यांची बहीण बसली. पायल बसता बसता परत वळली आणि धावत ओसरीवर आली. तिनं ललिताचे दोन्ही हात धरले.

"मावशी, तीन वर्सं," ती भरभर बोलली. "माझं कालेज होईस्तोवर. मंग मी राहीन ना दिवसभर घरी. तुमी मंग खुशाल जा अमरावतीले. मी पाहीन समदं, नळ बी, किल्ल्या बी. शब्द देतो तुमाले."

तिनं हे अगदी खरेपणानं म्हटलं. तीन वर्षांनी तिला त्रेचाळीस लागलं असतं, आणि कुणी तिची वाट पाहत थांबणार नव्हतं, पण त्याचं तिला तेवढं वाटलं नाही. या पोरीनं, अजून लग्न व्हायचं होतं, घरात पाऊल पडायचं होतं, तोच इथून एक बाई सुटायची तर दुसरीला आत बसावं लागतं हे ओळखलं होतं, आणि ती स्वतःहून आत बसायला तयार झाली होती.

"नाई व बाई," ललितानं तिचे हात घट्ट दाबले. "असं नको करू. कालेज झालं का नोकरी धर. काईही कर, पन घरी बसू नको. आयकतं का? मले शब्द देऊ नको."

"पायल, चाल," ऑटोतून श्रावणजींनी हाक मारली.

पायलनं हात सोडवले. ललिताच्या बोलण्याचा तिला अर्थच लागला नव्हता. ती हसली, मनापासून, घरच्या माणसाकडे पाहून हसतात तशी.

"मंग घरी कोन राहीन?" ती म्हणाली, आणि पळत जाऊन बापाशेजारी बसली.